सही झाली म्हणजे पोचली

“त्यात काय आहे, एका दुपारचं काम,” हे वाक्य मी भर मीटिंगमध्ये बोललो आणि तिथून माझे ग्रह फिरले. मला कुणी विचारलंही नव्हतं. कंपनी चालवणाऱ्या मॅडम सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, सगळे टेबलाकडे बघत होते, आणि मला अशी शांतता सहन होत नाही. कुणीच बोलत नसलं की मी बोलतो. मीटिंगला येताना माणसानं तोंडात लवंग धरून यावं, या मताचा मी आता झालो आहे.

आमची कंपनी गाद्या बनवते. दुकानात ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर वेगळं, कारखान्याचं वेगळं आणि गाड्या पाठवायचं तिसरंच. तीन वेगवेगळ्या साहेबांनी तीन वेगवेगळ्या काळात हट्टानं आणलेली ही सॉफ्टवेअरं, त्यामुळे त्यांचं आपसात बोलणं नाही. म्हणून मधे एक इंटिग्रेशन फ्रेमवर्क बसवलं आहे. नाव भारदस्त, काम निरोप्याचं. याचं त्याला सांगायचं, त्याचं तिसऱ्याला. आम्ही त्याला मध्यस्थ म्हणतो. दुसरीकडे एक मॉनिटरिंग सिस्टिम आहे, तिचं नाव राखणदार. सगळे सर्व्हर धडधाकट आहेत ना, हे राखणदार बघतो आणि काही बिघडलं की, मी कॉम्प्युटर विभागातला म्हणून, माझ्या फोनवर बोंब मारतो. त्याचा मोठा पडदा प्रवेशद्वाराशीच लावला आहे, म्हणजे आल्यागेल्याला हिरवे दिवे दिसतात आणि कंपनी चालू असल्यासारखी वाटते. फक्त मध्यस्थ नावाचं कुणी जगात आहे, याचा राखणदाराला पत्ताच नव्हता.

मग व्हायचं ते झालं. एका सकाळी मध्यस्थानं मान टाकली. राखणदार दिवसभर हिरवागार. दुकान ऑर्डरी घेतंय, कारखान्याला एकही पोचत नाही. कारखान्यातले लोक म्हणाले मंदी आली. गाडीवाले पत्ते कुटत बसले. संध्याकाळी प्रशासनप्रमुखांनी, आज ‘माल चुकीचा आला’ अशी एकही तक्रार नाही म्हणून, तक्रार विभागाचं जाहीर अभिनंदन केलं. दोन दिवसांनी गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. मॅडमनी मीटिंग बोलावली आणि म्हणाल्या, मध्यस्थाला राखणदाराशी जोडा. त्यावर मी ते दुपारचं वाक्य बोललो.

आता अगदीच बावळट समजू नका. माझाही त्यात स्वार्थ होता. मला बायकोला घेऊन चार दिवस समुद्रावर जायचं होतं. आम्ही याआधीही गेलो आहोत, नाही असं नाही. पण दर वेळी राखणदारानं बोंब मारली आणि मी कुठल्या तरी हॉटेलच्या भटारखान्यामागे, जिथे रेंज येते तिथे, कानात बोट घालून “बंद कर आणि परत चालू कर” असं ओरडत उभा राहिलो. एकदा तर आतल्या आचाऱ्यानं ते स्वतःसाठी समजून शेगडी बंद केली. बायको एकटी जेवली. एकदा आम्ही स्टँडवरूनच परतलो. या वेळी ती म्हणाली, “फोन घरी राहील. नाहीतर मी ताईबरोबर जाईन.” आवाज चढवला नाही, काही नाही. बायको भांडते तेव्हा मला भीती वाटत नाही, ती शांतपणे पर्याय सांगते तेव्हा वाटते. तिच्या ताईनं तर गाडीत खिडकीकडची जागा आपली, असं सांगूनही टाकलं होतं.

मॅडमनी माझी रजा मंजूर केली, पण एका अटीवर. आधी जोडणी पूर्ण झाली पाहिजे, आणि रजेच्या दिवसांत राखणदार एकदाही लाल होता कामा नये. झाला, तर असाल तिथून परत यायचं. मी मनात म्हटलं, परत यायची वेळ येतेच कशाला, दुपारचं तर काम.

पहिली दुपार दोन खोल्यांमध्ये गेली. मध्यस्थ उत्पादनप्रमुखांच्या ताब्यात आणि राखणदार प्रशासनप्रमुखांच्या. दोघं एकाच वेळी कंपनीत लागले, दोघांचा एकाच खुर्चीवर डोळा, त्यामुळे त्यांचं बोलणं फक्त कागदावर. मी साधा प्रश्न विचारला. मध्यस्थानं जाऊन राखणदाराला ‘मी बरा आहे’ असं सांगायचं, की राखणदारानं येऊन ‘बरा आहेस का’ असं विचारायचं? कॉम्प्युटरच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. पण मानापमानाच्या दृष्टीनं जमीनअस्मानाचा फरक निघाला. उत्पादनप्रमुख म्हणाले, अख्खी कंपनी आमच्या मध्यस्थाच्या जिवावर चालते, तो कुणाच्या दारात हजेरी द्यायला जाणार नाही. प्रशासनप्रमुख म्हणाले, मग काय राखणदारानं घरोघरी तब्येतीच्या चौकशा करत हिंडायचं? दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, पण दारं विरुद्ध बाजूंना, त्यामुळे प्रत्येक निरोपाला मला सगळा मजला चालावा लागे. मध्यस्थ कोण, हे त्या आठवड्यात मला नीट कळलं.

शेवटी मी एका तिसऱ्याच सर्व्हरवर, जिथे कुणी राहत नाही अशा जागी, एक फोल्डर केलं. मध्यस्थानं दर मिनिटाला तिथे ‘बरा आहे’ अशी चिठ्ठी टाकायची आणि राखणदारानं ती वाचायची. कुणी कुणाच्या दारात गेलं नाही, कुणाचं नाक कापलं गेलं नाही. दोघांनी मान्यता दिली आणि दोघांनीही ती कल्पना आपली असल्याचं मॅडमना कळवलं.

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सर म्हणूनच सगळे ओळखतात. जिन्यात भेटले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, चिठ्ठी मध्यस्थ स्वतः टाकतो का? म्हटलं, स्वतः नाही, त्याच्या शेजारी एक छोटा प्रोग्रॅम बसवलाय, तो टाकतो. सर म्हणाले, “म्हणजे मागच्या बाकावरचं पोरगं चौघांची हजेरी देतं, तसंच झालं की.” मी हसलो. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून मध्यस्थ बंद करून बघितला, तर चिठ्ठ्या टपाटप पडतायत, बरा आहे, बरा आहे, बरा आहे. मेलेल्याच्या नावानं खुशालीची पत्रं. राखणदार हिरवा. मी खुर्चीत बसून पाणी प्यायलो.

सरांचा सल्ला असा, की हजेरीच्या नादी लागू नका, पोराला फळ्याशी बोलवा आणि एक उदाहरण सोडवून घ्या. सल्ला नामी होता. म्हणजे काय, तर एक खोटी ऑर्डर दुकानातून सोडायची. ती मध्यस्थामार्फत कारखान्यात गेली, तिथून गाड्यांकडे गेली, म्हणजे मध्यस्थ जिवंत. अध्येमध्ये अडकली, तर राखणदारानं लाल व्हायचं. शेवटी ऑर्डर आपोआप रद्द होईल अशी सोय मी केली होती. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत सुबक काम होतं, आणि हे मी आजही कुणासमोरही म्हणेन.

पण ते मंजुरीसाठी दोन्ही प्रमुखांच्या समितीपुढे गेलं. प्रशासनप्रमुख म्हणाले, रद्द झालेली ऑर्डर पोचली असं कसं म्हणता येईल? गाडी निघाली म्हणजे गादी पोचली नव्हे, गाडी दारात उभी राहिली तरी पोचली नव्हे. “सही झाली म्हणजे पोचली,” असं ते टेबलावर बोट आपटून म्हणाले. उत्पादनप्रमुखांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुजोरा दिला, कारण बनलेली प्रत्येक गादी त्यांच्या उत्पादनात धरली जाणार होती. माझी रद्द करायची सोय काढून टाकण्यात आली. म्हणजे खोटी ऑर्डर आता खरीच झाली. एक गादी बनणार, गाडीत चढणार, कुणाच्या तरी घरी पोचणार, आणि त्या माणसानं सही केली की राखणदार हिरवा राहणार. नमुन्याचा माल म्हणून किंमत शून्य टाकायची ठरली.

मग प्रश्न, गिऱ्हाईक कोण? कंपनी स्वतःलाच गादी विकू शकत नाही. नोकराला स्वतःच्या नावे ऑर्डर देता येत नाही. कल्पनेतलं गिऱ्हाईक टाकावं, तर गाड्यांचं सॉफ्टवेअर पत्ता तपासतं. सगळ्यांनी पुन्हा टेबलाकडे बघितलं, पुन्हा शांतता पसरली, आणि पुन्हा मीच बोललो. बायकोचं नाव आणि घरचा पत्ता देऊन टाकला. जागा कमी लागावी म्हणून माप लहान मुलाचं निवडलं, तेवढी अक्कल मला होती.

घरी सांगायचं मात्र राहून गेलं. आणि आणखी एक गोष्ट राहून गेली. आधी चिठ्ठी दर मिनिटाला पडायची, ती वेळ बदलताना मी हात आखडता घेऊन दर तासाला एक, अशी ऑर्डर लावली होती. रद्द व्हायची तेव्हा ते ठीक होतं.

संध्याकाळी घरी आलो तर जिन्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या छोट्या छोट्या गाद्या भिंतीला टेकून उभ्या. कठड्यावरून मुलं वाकून बघतायत. बायको दारात, हातात पेन. तिनं प्रत्येक गादीची सही केली होती, कारण गाडीवाला म्हणाला बाई तुमचंच नाव आहे, आणि दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचा तिचा स्वभाव नाही. “अहो,” ती म्हणाली, “तुम्ही मला काही सांगायचं विसरलात का?”

आमचा मुलगा नोकरीला लागून परगावी असतो, त्याला दाढी आहे. त्यामुळे लहान मुलांच्या एवढ्या गाद्या बघून इमारतीत चर्चेला ऊत आला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी बायकोला बाजूला घेऊन, या वयात तब्येतीला जपा, जिने चढू नका, असं सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला थांबवून विचारलं, की घरात पाळणाघर काढताय का, काढत असाल तर रहिवाशांच्या सभेची परवानगी लागेल. मी त्यांना मध्यस्थ, राखणदार, सही असं सगळं पहिल्यापासून समजावलं. ते म्हणाले, म्हणजे काढताय.

दुसऱ्या दिवशी हातापाया पडून मी तासाची ऑर्डर दिवसाला एक अशी करून घेतली. पूर्ण बंद का नाही केली, असं तुम्ही विचाराल. बायकोनंही विचारलं. बंद करायचा ठराव समितीपुढेच यायला हवा, आणि समितीची पुढची बैठक माझी रजा संपल्यावर होती. शिवाय सगळे खूश होते. मध्येच एकदा मध्यस्थ खरोखर अडकला, राखणदार तात्काळ लाल झाला, आणि मॅडमनी पाहुण्यांना हाताला धरून तो लाल दिवा दाखवला. असं चाललेलं यंत्र कोण मोडतं?

गाद्यांचं काय करायचं, हा प्रश्न शेजाऱ्यांनी सोडवला. सेक्रेटरी आधी जिना अडवल्याची नोटीस घेऊन आले, पाठ दुखते म्हणून थोडे टेकले आणि जाताना दोन गाद्या घेऊन गेले. मग रीघ लागली. कुणी मांजरासाठी, कुणी देण्याघेण्यासाठी, कुणी उगाचच, फुकट आहे ना म्हणून. फुकटच्या गादीचेही लोक दात मोजतात. वरच्या मजल्यावरचे वकील पाय बाहेर येतात म्हणून तक्रार करायला आले. एका आजोबांना थोडी नरम हवी होती. रस्त्यात लोक मला गादीवाले म्हणून हाक मारू लागले. एवढी वर्षं कॉम्प्युटर विभागात घासून शेवटी ही पदवी मिळाली.

एका दुपारी बायको बाजारात गेलेली असताना गादी आली, तर सेक्रेटरींनीच परस्पर सही ठोकली आणि गादी घरी नेली. गाड्यांच्या सॉफ्टवेअरनं नाव जुळत नाही म्हणून ऑर्डर अडकवली, राखणदार लाल झाला, माझा फोन बोंबलला. प्रशासनप्रमुखांनी त्याच दिवशी फर्मान काढलं, की ज्याच्या नावे ऑर्डर, सही त्याचीच. नवऱ्याचीसुद्धा चालणार नाही. ते ‘सुद्धा’ त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. आलं ते निघायच्या आदल्या दुपारी, पलंगावर बॅग उघडी टाकून मी तिच्यात चपला कोंबत होतो तेव्हा. रोज गादी येणार. रोज बायकोचीच सही लागणार. ती समुद्रावर असली तर सही नाही, सही नाही तर राखणदार लाल, लाल झाला की माझी रजा खलास. म्हणजे मी खुशाल एकटा समुद्रावर जाऊ शकत होतो. फोन घरी ठेवून, चार दिवस, आरामात. फक्त तिला जाता येत नव्हतं. माझ्याबरोबर नाही आणि ताईबरोबरही नाही. ज्या बाईला एकदा तरी सुखानं समुद्र दाखवायचा म्हणून एवढा घाट घातला, तिलाच मी घराला बांधून ठेवलं होतं, तेही शून्य किमतीच्या गादीनं.

मी तिला सांगितलं. ती साडीची घडी घालत होती, ती पुरी केली आणि बॅगेत ठेवली. मला स्वतःची फार लाज वाटली. वाटलं, आता भांडेल तर बरं होईल. मग तिनं विचारलं, “गिऱ्हाईक मी आहे ना?” म्हटलं, हो. “नक्की? कागदावर?” म्हटलं, कागदावर तूच, माझा तर तिथे संबंधही नाही. तिनं चपला घातल्या आणि ती आमच्या कंपनीच्या दुकानात गेली. मी मागोमाग.

दुकानात मला सगळे ओळखतात. तिला कुणी ओळखत नव्हतं. ती काउंटरसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, मी तुमची रोजची गिऱ्हाईक, मला पत्ता बदलायचा आहे. काउंटरवरच्या मुलीनं नाव टाकलं आणि ती उभीच राहिली. एवढी खरेदी एका नावावर तिनं कधी बघितली नव्हती. मॅनेजर आतून धावत आला, पंखा तिच्याकडे वळवला, पाणी मागवलं. माझ्यासाठी नाही. नवा पत्ता समुद्रकाठच्या लॉजचा होता. मॅनेजर म्हणाला, एवढ्या लांब गाडी पाठवणं जरा अवघड आहे. बायकोनं त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे आमच्याच जाहिरात विभागानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, जिथे तुम्ही तिथे आमची गादी. मॅनेजरनं वळून पाटी वाचली, पहिल्यांदाच वाचल्यासारखी, आणि पत्ता बदलून दिला.

मी घाईघाईनं बाहेर येऊन फोनवर राखणदार उघडला. पत्त्यातला बदल दुकानातून निघाला, मध्यस्थानं तो कारखान्याला सांगितला, मग गाड्यांना सांगितला. कुठे अडखळला नाही. राखणदार हिरवा. खरं सांगतो, त्या जोडणीचा मला तेव्हा अभिमान वाटला. बायको बाहेर आली, माझ्या हातातला फोन तिनं घेतला, घरी येऊन कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

समुद्र छान होता. आम्ही सकाळभर पाण्यात पाय सोडून बसलो. माझा हात सारखा खिशाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. बायकोनं दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं. जेवण आम्ही एकाच टेबलावर, एकाच वेळी सुरू केलं आणि एकाच वेळी संपवलं. आमच्या संसारात हे नवीन होतं.

दुपारी लॉजच्या मागच्या वाळूच्या रस्त्यावरून धडधडत आमच्या कंपनीची गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं काखेत ती एवढीशी गादी मारली, समुद्राकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि कागद पुढे केला. एवढ्या वर्षांची सवय, मी उठून पेनासाठी हात पुढे केला. त्यानं कागद मागे घेतला. सही बाईंचीच लागेल म्हणाला. तिनं पदर सावरला, पेन घेतलं, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मग गादीचं प्लॅस्टिक काढून ती सावलीत वाळूवर पसरली आणि अर्ध्या भागावर बसली.

ड्रायव्हर कागदाची घडी घालत माझ्याकडे बघत होता. गाद्या रोज उतरवून घेणाऱ्या बाई त्याला माहीत होत्या. माझा चेहरा त्याच्या कुठल्याच कागदावर नव्हता.

“बाई, हे कोण?” त्यानं विचारलं.

“ते माझ्याबरोबर आलेत,” ती म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्या गादीवरची वाळू झटकून मला म्हणाली, “बसा.”